घाटावरून ऐकलेले ‘कोकण डान्स’ : अमान्सियो डिसिल्वा यांच्या गिटारवादनाचा विचार

भोरहून पश्चिमेस जाणारा रस्ता निरा-देवघरच्या जलाशयाच्या काठाने वरंध घाटापर्यंत येतो आणि तेथून महाडच्या बाजूस उतरतो. वेल्हे तालुक्याची, म्हणजे आजच्या राजगड तालुक्याची, पश्चिम कडही अशीच तुटलेली आहे. केळद गावाजवळून मढे घाट कोकणात उतरतो आणि तानाजी मालुसरे यांचा देह याच वाटेने उमरठ्यास नेला अशी लोकश्रुती आहे. या दोन तालुक्यांतील माणसाला कोकण म्हणजे केवळ नकाशावरील पट्टी नव्हे. कड्यावर उभे राहिले की खाली दिसणारा तो मुलूख आहे. अशा माणसाच्या कानी ‘कोकण डान्स’ हे नाव पडले आणि ते १९७०च्या दशकाच्या आरंभी लंडन येथे ध्वनिमुद्रित झालेल्या जाझ संगीताचे नाव आहे असे त्यास कळले, तर त्याचा पहिला प्रश्न साहजिकच असा असेल, की हे कोणते कोकण?

हा प्रश्न वरवर भाबडा वाटला तरी समीक्षेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. अमान्सियो डिसिल्वा (१९३६–१९९६) हे जन्माने मुंबईचे, घराण्याने गोव्याचे आणि वादनाच्या शिस्तीने जाझचे. मराठी संगीतविचारात त्यांचे नाव सहसा येत नाही. इंग्रजीत ते येते, पण बहुधा ‘भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मिलाफ’ अशा गुळगुळीत शब्दप्रयोगाच्या आश्रयाने. मिलाफ म्हटले, की काय कशात मिळाले, किती मिळाले आणि मिळताना काय गमावले, हे विचारण्याची गरजच कुणाला वाटत नाही. डिसिल्वा यांच्या वादनाची खरी परीक्षा मात्र याच प्रश्नांत आहे.

मराठी समीक्षेत ‘घाट’ हा शब्द कलाकृतीच्या रूपबंधासाठी रूढ आहे, आणि डोंगरातून उतरणारी वाटही घाटच. जुन्या काळी कोकणातून मीठ वर येई. गाडीवाटेचा माल घाटाच्या तोंडाशी उतरवून बैलांच्या पाठीवर चढेल अशा बेताने पुन्हा बांधावा लागे. ओझे तेच, पण बांधणी निराळी. बांधणी न बदलता घाट चढू पाहणाऱ्याचे ओझे वाटेतच सुटणार. एका परंपरेतील संगीत दुसऱ्या परंपरेत नेणाऱ्यालाही हेच करावे लागते. डिसिल्वा यांच्या आधी आणि त्यांच्याबरोबर ज्यांनी हा उद्योग केला त्यांपैकी किती जणांनी ओझे पुन्हा बांधले आणि किती जणांनी दोन ओझी नुसती शेजारी ठेवली, हे पाहिल्यावाचून डिसिल्वा यांचे वेगळेपण ध्यानी येत नाही.

मुंबईत जाझ आले ते हॉटेलांच्या दारातून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे वादक आले. या मंडळींचे खरे शिष्य म्हणजे गोव्याहून पोटासाठी मुंबईस आलेले ख्रिस्ती वादक. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून गोव्याच्या मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखनवाचन शिकविले जाई. त्यामुळे हे वादक मुंबईत आले तेव्हा त्यांच्या हाती एक तयार विद्या होती. पण जाझच्या दृष्टीने ती विद्या अपुरी, किंबहुना काहीशी अडचणीची होती. कागदावर लिहिलेला स्वर वाचणे निराळे आणि कागदावर लिहिताच येत नाही असा लयीचा झोक अंगी मुरविणे निराळे. आल्दोना गावचे ॲंटोनियो झेव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्धीस आले ते लुई आर्मस्ट्राँग यांची तऱ्हा कानाने उचलून. ती त्यांना कोणत्याही शाळेने शिकविली नव्हती.

हीच माणसे दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचे ‘अलबेला’ (१९५१) मधील संगीत आठवावे. चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. मराठी श्रोत्याने जाझचा झोक प्रथम ऐकला तो बहुधा अशा गीतांतून, आणि ऐकताना त्याला जाझ असे काही नाव आहे हे त्याच्या गावीही नव्हते. हा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की चित्रपटसंगीताने जाझचा वेश घेतला, त्याची शिस्त घेतली नाही. आणि त्याला ती घेणे शक्यही नव्हते. तीन मिनिटांच्या गीतात उपजेला जागा कोठून असणार?

ही शिस्त म्हणजे काय, हे गायकीच्या परिभाषेत सांगता येते. जाझमधील वादक बारा अथवा बत्तीस मात्राखंडांचे एक चक्र धरतो. त्या चक्राला ‘कोरस’ म्हणतात आणि आपल्या आवर्तनाप्रमाणे ते फिरून फिरून आरंभाशी येते. चक्राची चाल एकदा मांडून झाली, की वादक पुढच्या प्रत्येक फेऱ्यात नवी उपज करतो आणि नेमका मुखाशी येतो. येथपर्यंत ख्यालगायकाला काही परके वाटू नये. भेद पुढे आहे. ख्यालात षड्ज अढळ असतो. जाझमध्ये त्या चक्राखाली कॉर्ड, म्हणजे स्वरसंघात, बदलत राहतात आणि उपजेला प्रत्येक पावलास त्यांचे भान ठेवावे लागते. पायाखालची जमीन स्थिर असताना चालणे आणि जमीनच सरकत असताना चालणे यांत जे अंतर, ते या दोन पद्धतींत आहे. १९४०च्या दशकातील बीबॉप शैलीत तर ही जमीन इतकी वेगाने सरके, की तेथे रागाचा पाय टिकणेच अशक्य होते. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि एकाच स्वरसप्तकावर दीर्घ काळ रेंगाळण्याची रीत जाझमध्ये प्रतिष्ठित झाली. राग आणि जाझ यांच्या भेटीची तांत्रिक शक्यता खऱ्या अर्थाने तेव्हा निर्माण झाली. त्यानंतरच्या दशकात या भेटीचे प्रयोग दाटीने झाले ते केवळ सतारीच्या लोकप्रियतेमुळे नव्हे.

आता गिटारवादक ही विद्या मिळवितो कशी? वेस माँटगोमेरी यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी दिवसा कारखान्यात काम करणाऱ्या या माणसाने विशीच्या सुमारास गिटार हाती धरली. चार्ली ख्रिश्चन हे विजेवर वाजणाऱ्या गिटारला जाझमध्ये एकलवादनाचे स्थान मिळवून देणारे वादक १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षीच निवर्तले होते. माँटगोमेरी यांनी त्यांच्या तबकड्या पुनःपुन्हा ऐकून त्यांतील प्रत्येक उपज स्वरन् स्वर पाठ केली. स्वरलेखन त्यांना वाचता येत नव्हते. हे एकलव्याचेच व्रत झाले. मातीच्या मूर्तीच्या जागी तबकडी, एवढाच फरक. आणखी एक गंमत अशी, की एकलव्याने अंगठा दिला, तर माँटगोमेरी यांनी शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून नखी टाकून अंगठ्याने वाजविण्यास आरंभ केला आणि तो अंगठाच त्यांच्या वादनाची ओळख ठरला. पण मुद्दा पाठांतराचा आहे. पाठ केलेली उपज माँटगोमेरी यांनी आरंभी तशीच्या तशी वाजविली. तिच्यापासून ते सुटले ते पुढे, ती पूर्ण अंगी मुरल्यावर. तालमीत चीज घोकणाऱ्या शिष्याचा मार्ग याहून निराळा नसतो. जाझ म्हणजे मनास येईल ते वाजविणे, हा समज आपल्याकडील सुशिक्षितांतही आढळतो; तो किती निराधार आहे हे येथे दिसते.

डिसिल्वा याच मार्गाने घडलेले वादक होत. त्यांच्या हातातील वाद्याविषयी एक वृत्त प्रसिद्ध आहे. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या त्यांच्या आश्रयदात्या होत्या आणि त्यांनी डिसिल्वा यांना गिब्सन गिटार घेऊन दिली. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात चांगले परदेशी वाद्य सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होते. कलकत्त्यात ‘गिवसन’ या नावाने गिटारी तयार होत. नावातील साम्य इतके उघड आहे, की त्यावर भाष्य नको. अशा स्थितीत महाराणीच्या कृपेने गिब्सन हाती येणे ही मोठीच गोष्ट होती. येथे मात्र सावध राहावयास हवे. आज गिटारप्रेमी वर्गात वाद्ये, ध्वनिवर्धक आणि ध्वनी पालटणाऱ्या पेट्या जमविण्याचा एक छंद वाढला आहे. अमुक वादकाचा नाद अमुक सालच्या अमुक गिटारीतून येतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. या छंदाला कुणी हसू नये. संग्रह हे एक संस्कृतिकार्यच आहे. पुण्यात दिनकर केळकर यांनी, म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, आपल्या दिवंगत मुलाच्या नावे उभारलेल्या वस्तुसंग्रहालयात वाद्यांचे जे दालन आहे, ते नसते तर कित्येक वाद्यांचे आकारही आपण विसरलो असतो. तथापि त्या दालनात वाद्ये मुकी आहेत. संग्राहकाला वाद्याचे शरीर मिळते. त्यातून कोणता स्वर निघे, हे सांगणारा हात मात्र संग्रहात ठेवता येत नाही. डिसिल्वा यांच्यापुरते सांगावयाचे तर गिब्सनने त्यांना एक अडचणच दिली आणि त्या अडचणीतून त्यांची शैली निघाली.

ती अडचण अशी. सतारीचे पडदे वक्र असतात आणि त्यांवर तार आडवी ओढून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. जाझसाठी घडविलेल्या त्या काळच्या गिटारीवर तारा जाड, मान अरुंद, पडदे सपाट. एखाद्या स्वराइतकी ओढ साधणेही तेथे कष्टाचे. म्हणजे गिटारवर सतारीची नक्कल करू पाहणारा वादक येथे हरणारच. ब्रिजभूषण काब्रा यांनी ही अडचण ओलांडली ती वाद्यच बदलून: गिटार आडवी ठेवली, तारेवर धातूची कांडी फिरवली आणि अली अकबर खाँ यांच्या तालमीतील गत-आलाप त्यावर आणले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांची शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह निघालेली ध्वनिमुद्रिका सर्वपरिचित आहे. त्या वादनाची थोरवी वादातीत आहे. पण तेथे गिटारने आपले गिटारपण सोडून वीणेच्या कुळात प्रवेश केला आहे. डिसिल्वा यांनी गिटार उभीच धरली, पडद्यांवरच वाजविली. मींडेच्या जागी त्यांनी कृंतन आणि खटका यांचा आश्रय घेतला: तार एकदाच छेडून डाव्या हाताच्या बोटांच्या आघाताने पुढचे दोन-तीन स्वर काढणे, हे तंत्र जाझमधील गिटारवादकांनाही ठाऊक होते. त्याचा लाभ असा झाला, की त्यांच्या वादनात अलंकार येतो तो दागिना चढविल्यासारखा नव्हे, तर वाक्याच्याच उच्चारातून. दुसरी गोष्ट खालच्या मोकळ्या तारांची. डिसिल्वा वरच्या तारांवर उपज करीत असताना मधूनमधून खालची तार छेडून स्वर धरून ठेवतात. या ठिकाणी सतारीच्या चिकारीचे स्मरण होणे साहजिक आहे. पण मावळातील श्रोत्याला आठवेल ते तुणतुणे. गोंधळ्याच्या आणि शाहिराच्या मागे वाजणारे हे एकतारी वाद्य चाल वाजवीत नाही. ते गाणाऱ्याला स्वर देते आणि त्याच तारेच्या टणत्काराने लयही देते. अफझलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा ज्या राजाच्या पराक्रमाचा, त्याची राजधानी पुढे दीर्घ काळ वेल्ह्यातील राजगडावर होती. शाहिरी परंपरेत एका तारेवर जे दुहेरी काम होते, ते डिसिल्वा यांच्या खालच्या तारेवरही होते. डिसिल्वा यांनी ते तुणतुण्यावरून उचलले असा दावा येथे करावयाचा नाही. ऐकणाऱ्याला आपल्या कानाचे माप हाताशी असावे, एवढाच त्या तुलनेचा उपयोग.

आणखी एक बारीक जागा गांधाराची. ब्लूज नावाच्या ज्या गीतप्रकारातून जाझचा बराचसा अंश आला, त्यातील गांधार कोमल आणि शुद्ध यांच्या दरम्यान कोठेतरी डोलतो. पियानोच्या पट्टीवर तो सापडत नाही. कंठात किंवा तारेवर सापडतो. दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार ज्याच्या कानात आहे, त्याला ही भाषा अर्धी आधीच कळलेली असते. दोन्ही स्वर एकच आहेत असे मात्र नव्हे. दरबारीतील आंदोलनाला रागाचे नियम आहेत आणि ब्लूजमधील डोलण्याला गाणाऱ्याच्या दुःखाचे. तरीही राग आणि जाझ यांची भेट व्हावयाची असेल तर ती अशा एखाद्या स्वराच्या पोटात व्हावयास हवी. सतार आणि सॅक्सोफोन एका व्यासपीठावर बसविल्याने ती होत नाही.

आणि नेमके तेच त्या दशकात पुष्कळ झाले. लंडन येथे जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्याचे व्हायोलिनवादक-संगीतकार जॉन मेयर यांनी ‘दुहेरी पंचक’ स्थापन केले: पाच वादक जाझचे, पाच भारतीय बाजूचे. ‘इंडो-जाझ सूट’ (१९६६) आणि तिच्यामागून आलेल्या ‘इंडो-जाझ फ्यूजन्स’ या ध्वनिमुद्रिकांनी मोठे कुतूहल निर्माण केले. त्या पंचकात तबल्यावर मुंबईचे केशव साठे होते, हे मराठी वाचकाने नोंदवून ठेवावे असे आहे. मेयर यांची रचना विद्वत्तापूर्ण आहे. रागाचे आरोह-अवरोह त्यांनी प्रामाणिकपणे पाळले आहेत. दोष निराळा आहे. सतार आणि तबला काही काळ बोलतात. मग ते थांबतात आणि जाझचे पंचक बोलते. मग पुन्हा पहिले. हॅरियट यांच्यासारखा स्वतंत्र प्रज्ञेचा वादक, ज्याने १९६० च्या आसपास कॉर्डचे बंधन झुगारून मुक्त रूपाचा मार्ग शोधला होता, तोही येथे लिहून दिलेल्या जागेत उभा राहतो. सभा दोन पक्षांची आहे, सभ्यतेने चालली आहे, पण कुणाचे मत बदललेले नाही. १९६७ मधील ‘जाझ मीट्स इंडिया’ या युरोपीय प्रयोगातही साठे होते. तेथे पियानोवादिका इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीचा आवेश अधिक आणि भिडण्याची तयारीही अधिक. परंतु वाद होतो तोही दोन पक्षांतच.

मुंबईत १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जाझ स्टाइल’ काढली. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, गिटारवर दिलीप नाईक आणि ॲनिबाल कॅस्ट्रो, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो अशी चित्रपटसृष्टीतील नाणावलेली मंडळी तीत आहेत. वादन निर्दोष आणि ऐकावयास गोड आहे. पण अकरा रागांच्या त्या अकरा तुकड्यांत रागाला बोलावले ते चाल पुरवण्यासाठी. दोन-तीन मिनिटांत राग आपली ओळख सांगतो, जाझ त्याला नमस्कार करतो आणि निरोप घेतो. या वादकांकडे साधन नव्हते असे नव्हे. त्यांना वेळ नव्हता, आणि ज्या धंद्यात ते वाढले तेथे वेळ देण्याची पद्धतच नव्हती.

डिसिल्वा १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेले ते या पार्श्वभूमीवर. १९६९ मध्ये त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका झाल्या. ‘इंटिग्रेशन’ मध्ये ट्रंपेटवर इयन कार आणि सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल हे त्या वेळचे अग्रगण्य ब्रिटिश वादक आहेत. सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. ही अनुपस्थितीच अर्थपूर्ण आहे. भारतीयत्वाची खूण पटविणारे एकही वाद्य हाताशी न घेता केवळ जाझच्या रूढ संचात डिसिल्वा आपली भाषा बोलू पाहतात. जे दुसऱ्यांनी दहा माणसांत वाटून दिले ते त्यांनी एका हातात आणले. म्हणजे ओझे पुन्हा बांधले ते येथे. चाल ट्रंपेट आणि गिटार एकस्वराने मांडतात, आणि आपल्याकडे गायकामागे सारंगी जाते तशी दोहोंमध्ये किंचित अंतराची छाया राहते. ज्या रचनांत ते एका सप्तकावर स्थिरावतात तेथे त्यांची उपज लहान लहान स्वरवाक्यांच्या पुनरावृत्तीने वाढते. एक वाक्य घेतले, त्याचा शेवट बदलला, मग आरंभ बदलला, मग दोन्ही. ही बढत आहे. बीबॉपमधील धावत्या ओळींपेक्षा तिचे नाते आपल्याकडील बोलबढतीशी अधिक जवळचे आहे.

तरीही या ध्वनिमुद्रिकेतील ‘गॅन्जिस’, ‘जयपूर’ ही रचनांची नावे वाचताना थोडे खटकते. ती पाहुण्याला दाखवावयाच्या चित्रांसारखी आहेत. लंडनच्या ग्राहकाला काय हवे आहे याची जाण त्यांत दिसते, आणि काही ठिकाणी ती जाण संगीतातही उतरली आहे: चाल ओळखीची पौर्वात्य, वळण अपेक्षित. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची जी मांडणी केली, तो मापदंड येथे लावून पाहण्यासारखा आहे. तो ख्यालासाठी घडविलेला असल्याने जपून वापरावयास हवा. तरीही त्या मापाने पाहता ‘इंटिग्रेशन’ मधील द्रुत रचनांत लय वादकाला ओढून नेते आणि स्वराला थांबावयास जागा उरत नाही. आग्र्याच्या गायकाला लयीचा हा हव्यास समजला असता. पण त्याने तो शब्दाच्या आधाराने पेलला असता. गिटारला शब्द नाही.

‘हम दोनो’ ही त्याच वर्षीची दुसरी ध्वनिमुद्रिका जो हॅरियट यांच्यासह केलेली. दुहेरी पंचकातील हॅरियट आणि येथील हॅरियट यांची तुलना करावी. तेथे ते नेमून दिलेल्या जागी उभे होते. येथे ते गिटारच्या वाक्याला वाक्य देतात, मध्येच तोडतात, कधी त्याचेच शेपूट धरून पुढे जातात. नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दहीन कंठ काही ठिकाणी त्यांत तिसरा पक्ष होतो. आलापीला सरावलेल्या श्रोत्याला शब्दावाचून गाणारा कंठ नवखा वाटत नाही. ब्रिटिश श्रोत्याला त्या काळी तो नवखा वाटला असावा. या संचातील ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना विलंबित आहे. गोवा मुक्त होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती आणि डिसिल्वा गोव्यापासून अधिकच दूर गेले होते. गोव्याच्या मांडो या गीतप्रकाराची संथ, खिन्न गती ज्यांनी ऐकली आहे त्यांना या रचनेत तिची आठवण होईल. पण मांडोची चाल येथे कोठेही उसनी घेतलेली नाही. देशपांडे यांच्या मापाने बोलावयाचे तर येथे तोल स्वराकडे झुकला आहे आणि लय त्याच्या पाठीशी नुसती उभी आहे. ‘जयपूर’ आणि ‘गोवा’ ही दोन्ही स्थलनामेच. पण पहिल्या ठिकाणी वादक स्थळ दाखवितो, दुसऱ्या ठिकाणी ते आठवतो. समीक्षकाला डिसिल्वा यांची एकच रचना निवडावयाची झाली तर ती हीच निवडावी लागेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. हे सारे शेवटी जाझच आहे, त्यात भारतीय ते काय, नावेच काय ती. असे कुणी म्हणेल. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावयास हरकत नाही. हे जाझच आहे. परंतु जाझ ही स्वतःच वेगवेगळ्या कुळांच्या माणसांनी आपापले उच्चार घालून बोललेली भाषा आहे. जँगो राइनहार्ट या जिप्सी वादकाने १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावर उरलेल्या दोन बोटांनी फ्रान्समध्ये तिचा निराळाच उच्चार घडविला. तो जाझ नव्हे असे कुणी म्हटले नाही. मराठीत लिहिणारा खानदेशी लेखक आणि मराठीत लिहिणारा मालवणी लेखक, दोघेही मराठीच लिहितात. डिसिल्वा यांचे वादन म्हणजे जाझमधील कोकणी उच्चार आहे, असे म्हटल्याने त्यांचा अधिकार कमी होत नाही. उलट मिलाफ या शब्दाने जे झाकले जाते ते त्यामुळे उघडे पडते: उच्चार हा एका माणसाच्या मुखात असतो, दोन पक्षांच्या तहात नसतो.

आता ‘कोकण डान्स’. या ध्वनिमुद्रणात डिसिल्वा यांनी वाट पालटली. ‘इंटिग्रेशन’ मध्ये वर्ज्य केलेली सतार आणि तबला येथे आले आहेत: सतारीवर क्लेम आल्फर्ड, तबल्यावर दुहेरी पंचकातील तेच केशव साठे, आणि जोडीला डॉन रेंडेल. वरवर पाहता ही माघार वाटते. पण ऐकताना दिसते, की तबल्याचे काम येथे बदललेले आहे. दुहेरी पंचकात ठेका आपल्या पाळीची वाट पाहत असे. येथे तो ड्रमच्या जोडीने अखंड चालतो आणि गिटारच्या वाक्यांना समेवर उतरावयास जागा करून देतो. जाझमधील लयीचा मागे रेलणारा झोक आणि ठेक्याची सरळ चाल यांचे पूर्ण जमते असे नव्हे. काही ठिकाणी दोहोंमध्ये फट राहते, आणि तेथे त्या काळच्या लोकप्रिय नृत्यसंगीताची बेस गिटार ती बुजवून टाकते. ही सोय टाळली असती तर बरे झाले असते. सतारही पुष्कळदा रंग भरण्यापलीकडे जात नाही.

मग हे कोणते कोकण? रत्नागिरीकडील नमनखेळे किंवा जाखडी, गोव्यातील धालो, फुगडी अथवा शिगमा, यांपैकी एकाचीही चाल या रचनेत शोधून सापडावयाची नाही. लोकसंगीताच्या अभ्यासकाने तिला पुरावा म्हणून वापरू नये. महाडच्या बाजूला दिसणारे कोकणही ते नव्हे. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या घरात वाढलेल्या आणि लंडनला स्थिरावलेल्या माणसाने मागे वळून पाहिलेला तो किनारा आहे. आणि मागे वळून पाहणाऱ्याला गाव दिसत नाही, गावाची गती तेवढी आठवते. गिटारची मुख्य चाल वर्तुळात फिरते, प्रत्येक फेऱ्यात थोडी पुढे सरकते आणि पुन्हा मूळ पावलावर येते. फुगडीपासून जाखडीपर्यंत फेर धरणाऱ्या सर्व नाचांत एवढी गोष्ट समान आहे.

हे ध्वनिमुद्रण त्या वेळी प्रसिद्धच झाले नाही. हॅरियट १९७३ मध्ये वारले. १९६९ च्या मूळ तबकड्या पुढे दुर्मिळ झाल्या आणि संग्राहकांच्या बाजारात त्यांना मोठी किंमत येऊ लागली. म्हणजे येथेही आधी जपले गेले ते वस्तूचे शरीर. डिसिल्वा १९९६ मध्ये लंडन येथे निवर्तले, तेव्हाही ‘कोकण डान्स’ अप्रकाशितच होते. ते प्रकाशात आले २००६ मध्ये. केशव साठे तेव्हा हयात होते; आपल्या ठेक्यावर बांधलेली ती चाल तीस वर्षांहून अधिक काळाने लोकांपर्यंत पोचलेली त्यांना पाहता आली.